हारजीत कोणाच्या खात्यावर?

पराभव झाला म्हणजे त्याचा धनी शोधण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. मुलगा परीक्षेंत नापास झाला कीं आजोबा मास्तरांस बोल लावतात, वडील मुलास, आणि आई माजघरांतून हळूच सुचविते कीं वर्षभर घरांत पाहुण्यांची वर्दळ होती, पोरानें अभ्यास करावा तरी केव्हां? तिघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें सत्य असतें. पण आमच्या मतें तिघांत आईचें म्हणणें अधिक विचार करण्याजोगें असतें. कारण दोष कोणाचा एवढेंच न पाहतां ती परिस्थिति कोणी आणली, हें ती विचारीत असते.

हाच वाद फुटबॉलच्या मैदानावर जगभर चालूं असतो. संघ हरला तर दोष खेळाडूंचा कीं त्यांच्या प्रशिक्षकाचा? आपल्याकडे क्रिकेटच्या मानानें ह्या खेळाची चर्चा कमी. तरीहि ज्या घरांत दोन कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्या घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. एक म्हणतो, गोल मारावयाचा तो पायानें, प्रशिक्षक कांहीं कोट घालून मैदानांत उतरत नाहीं. दुसरा म्हणतो, अकरा जणांस निवडतो कोण? अशा वादाचा निकाल लावावयास पुण्याइतकें सोईचें उदाहरण दुसरें मिळणार नाहीं. कारण पुण्यानें हा प्रयोग स्वतःवरच करून पाहिलेला आहे, आणि त्याची किंमतहि मोजलेली आहे.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली, तेव्हां तींत एफ. सी. पुणे सिटी हा संघ उतरला. बालेवाडीचें क्रीडासंकुल हें त्याचें घर. पहिल्या वर्षीं इटलीचे फ्रँको कोलोंबा प्रशिक्षक होते. आठ संघांत पुणें सहावें आलें. दुसऱ्या वर्षीं इंग्लंडचे नामांकित खेळाडू डेव्हिड प्लॅट आले, पुणें सातवें. तिसऱ्या वर्षीं स्पेनचे अंतोनियो हबास, पुन्हां सहावें. चवथ्या हंगामास, म्हणजे २०१७-१८ सालीं, रांको पोपोविच आले आणि दहा संघांत चवथें स्थान मिळवून संघ प्रथमच उपांत्य फेरीस पोंचला. तेथें बंगलूरनें त्यास हरविलें. पुण्यांत सामना गोलशून्य बरोबरींत सुटला होता, पण बंगलुरास सुनील छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले. पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वींच पोपोविच गेले. त्यांच्या जागीं मिगेल आंगेल पोर्तुगाल आले, त्यांस तीन सामन्यांनंतर निरोप मिळाला. मग प्रद्युम रेड्डी ह्यांनीं तात्पुरती धुरा वाहिली, आणि डिसेंबर २०१८ मध्यें फिल ब्राउन रुजू झाले. शेवटीं संघ २२ गुणांवर सातवा. पांच हंगाम आणि सात प्रशिक्षक! एखाद्या शाळेंत पांच वर्षांत सात मुख्याध्यापक झाले असते तर आपण त्या मुलांस नापास होण्याबद्दल दोष दिला असता, असें वाटत नाहीं.

तथापि खेळाडूंची बाजू घेतांना त्यांस अगदींच निर्दोष ठरविण्याचें कारण नाहीं. एकेक सामना घेऊन पाहिलें तर त्याचा जय-पराजय बहुतेक त्यांच्याच पायांत असतो. १८ ऑक्टोबर २०१४ रोजीं मुंबईनें पुण्याचा ५-० असा धुव्वा उडविला. असल्या सामन्यांत प्रशिक्षकाची मांडणी चुकलेली असेलहि. पण दोन-तीन गोल अंगावर आल्यानंतर जी फळी मनानें कोसळते, तिला सावरणें बाहेर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातांत फारसें नसतें. त्याच पुण्याच्या संघांत दाव्हिद त्रेझेगे हा फ्रान्सचा प्रख्यात खेळाडू त्या वर्षीं होता. १९९८ सालीं जगज्जेता ठरलेल्या फ्रान्सच्या संघांतला हा गडी. पुढें २००६ च्या अंतिम सामन्यांत पेनल्टी मारतांना ह्याच त्रेझेगेचा चेंडू आडव्या दांडीस लागला आणि गोलरेषेच्या बाहेर पडला. विश्वचषक इटलीस गेला. तो चेंडू चार बोटें खालून गेला असता तर? त्या चार बोटांचें शिक्षण कोणता प्रशिक्षक देणार? एका सामन्याच्या बाबतींत म्हणूनच प्रशिक्षकास जाब विचारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें; आणि जिंकल्यावर त्यास खांद्यावर घेऊन नाचणेंहि तितकेंच.

हंगामाची गोष्ट मात्र निराळी. अकरांची निवड, त्यांची मैदानावरची मांडणी, बदली खेळाडू केव्हां उतरवावयाचा, आठवडाभर सराव कशाचा घ्यावयाचा, थकलेल्यास विश्रांति कधीं द्यावयाची, हीं सारीं कामें प्रशिक्षकाचीं. चौदा किंवा अठरा सामन्यांत दैव सहसा दोन्ही बाजूंस सारखें वांटलें जातें, आणि जें शिल्लक राहतें तें बरेंचसें त्याच्या खात्यावर टाकावें लागतें. 'बरेंचसें' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण येथेंच खरी अडचण सुरू होते.

हबास ह्यांचेंच उदाहरण घ्या. २०१४ सालीं ह्याच गृहस्थांनीं कलकत्त्याच्या संघास पहिलें विजेतेपद मिळवून दिलें होतें. पुण्याच्या मालकांनीं विजयी प्रशिक्षक पदरीं पडला म्हणून मोठ्या उत्साहानें त्यांस आणलें, आणि पुणें सहावें आलें. ते वाईट शिक्षक होते काय? मग २०१९-२० सालीं कलकत्त्यास परत गेल्यावर त्यांनीं पुन्हां विजेतेपद कसें मिळविलें? मनुष्य तोच, वय वाढलें असेल तेवढेंच. उलट चेन्नईची कथा पाहा. जॉन ग्रेगरी ह्यांच्या हाताखालीं चेन्नई मार्च २०१८ मध्यें विजेती ठरली. पुढच्याच हंगामांत तेच ग्रेगरी असतांना तोच संघ दहांत दहावा आला, अठरा सामन्यांत अवघे नऊ गुण! एकाच प्रशिक्षकाच्या हातून बारा महिन्यांच्या आंत शिखर आणि दरी दोन्हीहि घडतात, ह्याचा अर्थ एवढाच कीं प्रशिक्षक म्हणजे परीस नव्हे. तो ज्या लोखंडास हात लावतो त्याचें सोनें होतेंच असें नाहीं.

येथें कोणी विचारील, मग हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक बदलला कीं संघ सुधारतो, हें आपण प्रत्यक्ष पाहतों तें काय? ह्याचा शोध बास तेर वेल ह्या डच अर्थशास्त्रज्ञानें घेतला आहे. हॉलंडच्या फुटबॉलचे १९८६ ते २००४ ह्या काळांतील निकाल त्यानें तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो हें खरेंच. पण तितक्याच वाईट अवस्थेंत असून ज्यांनीं प्रशिक्षक बदलला नाहीं, ते संघहि सारखेच सुधारले! सलग चार-पांच पराभवांत थोडा भाग दुर्दैवाचा असतो, आणि दुर्दैव कायमचें मुक्कामास राहत नाहीं. ताप उतरण्याच्या दिवशीं जो वैद्य घरीं येतो त्यास यश येतें. आदल्या तीन दिवसांच्या वैद्यास मात्र आपण कायमचें नांवें ठेवतों. आपल्या शास्त्रकारांनीं ह्यालाच काकतालीय न्याय म्हटलें आहे.

आणि ही खोड केवळ फुटबॉलच्या लोकांची आहे असें समजूं नये. आपल्या क्रिकेटवेड्या घरांनीं अजित वाडेकरांचें काय केलें, तें वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. १९७१ सालीं वेस्ट इंडीजमध्यें आणि इंग्लंडांत मालिका जिंकून ते परत आले तेव्हां त्यांस डोक्यावर घेतलें. इंदुरास तर विजयाची स्मृति म्हणून काँक्रीटची भली मोठी बॅट उभारण्यांत आली. तीन वर्षांनीं, १९७४ सालीं, लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत आटोपला, मालिकेंतले तिन्ही सामने गेले, आणि तीच बॅट लोकांनीं विद्रूप करून टाकली. वाडेकरांस पश्चिम विभागाच्या संघांतूनहि वगळण्यांत आलें आणि ते निवृत्त झाले. त्या काळीं संघाबरोबर आजच्यासारखा प्रशिक्षक नसे, म्हणून कर्णधाराचा बळी गेला. आज प्रशिक्षक असतो, म्हणून त्याचा जातो. लोकांस एक मान लागते. ती कोणाची, हें महत्त्वाचें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एका सामन्याचा जमाखर्च खेळाडूंच्या नांवावर, एका हंगामाचा बराचसा प्रशिक्षकाच्या. मग सलग पांच हंगामांचा कोणाच्या? आपल्या घरच्या लग्नकार्याचाच विचार करा. मुंजीच्या पंक्तींत भात करपला तर आचाऱ्यास बोलणें सोपें. वाढप्यांनीं घाई केली नाहीं तर त्यांसहि दोन शब्द सुनावतां येतात. पण तांदूळ कोणता आणला, लांकूड ओलें कोणी घेतलें, चारशें पानांस दोनच आचारी पुरे असें कोणी ठरविलें? हे निर्णय घरच्या कर्त्या मनुष्याचे असतात. पण तो मांडवाच्या दाराशीं उभा राहून पाहुण्यांचें स्वागत करीत असल्यामुळें त्याच्याकडे कोणाची नजर जात नाहीं.

फुटबॉलच्या संघाचा कर्ता म्हणजे मालक. लीगच्या पहिल्या तीन हंगामांत सारी स्पर्धा अडीच महिन्यांत उरकली जाई. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे खेळाडू सामन्यांपूर्वीं थोडे आठवडे एकत्र यावयाचे. पहिल्या वर्षीं अकरांपैकीं सहांपर्यंत परदेशी असत. एवढ्या अवधींत प्रशिक्षकानें शिकवावयाचें काय? फार तर माणसें मांडून दाखवावयाचीं. पुण्यानें ह्यावर उपाय म्हणून गाजलेलीं, पण उताराला लागलेलीं नांवें आणलीं. पहिल्या वर्षीं त्रेझेगे, तेव्हां त्यांस सदतिसावें वर्ष लागून गेलें होतें, दुसऱ्या वर्षीं रुमानियाचे आद्रियान मुतू. प्रेक्षक त्यांस पाहावयास आले हें खरें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण नाटकमंडळीनें जाहिरातींत बालगंधर्वांचें नांव छापावें आणि तालमी मात्र आठच दिवस घ्याव्या, त्यांतलाच हा प्रकार. पुढें हंगाम लांबला, परदेशी खेळाडू पांचांवर आले, पोपोविच ह्यांच्या हाताखालीं संघास रूप येऊं लागलें; आणि नेमक्या त्याच वेळीं गाडी पुन्हां रुळावरून उतरली.

एकाच माणसास पुरेसा वेळ दिला असतां काय होतें, तें पाहावयास पुण्याबाहेर जाण्याचेंहि कारण नाहीं. ह्या संघाच्या आधीं, २००७ सालीं, पुणे एफ. सी. नांवाचा दुसरा संघ येथें निघाला होता. गोव्याचे डेरिक परेरा ह्यांच्याकडे त्याची धुरा २००९ पासून चार हंगाम होती. राष्ट्रीय लीगच्या पहिल्याच वर्षीं त्यांनीं संघास तिसरें स्थान मिळवून दिलें. मधल्या दोन वर्षांत तेवढें यश आलें नाहीं. पण त्यांस कोणी घरीं पाठविलें नाहीं, आणि २०१२-१३ सालीं पुणें संबंध हिंदुस्थानांत दुसरें आलें. परेरांना जगज्जेत्या संघाचा अनुभव नव्हता, कीं त्यांचें नांव परदेशी वर्तमानपत्रांतून गाजत नव्हतें. त्यांस आपले गडी माहीत होते आणि गड्यांस ते माहीत होते, एवढेंच.

ह्याहून बोलकी गोष्ट एफ. सी. पुणे सिटीच्या अंतानंतरची आहे. मालकांच्या आर्थिक अडचणींमुळें २०१९ सालीं संघ बंद पडला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानें घेतली. पुण्याचे कित्येक खेळाडू तिकडे गेले, प्रशिक्षक फिल ब्राउनहि गेले. पहिल्या हंगामांत हैदराबाद सर्वांत शेवटीं, दहा गुणांवर राहिलें. ब्राउन ह्यांस मध्येंच जावें लागलें. त्यांच्यामागून आलेले अल्बर्ट रोका थोडक्याच दिवसांत बार्सिलोनास गेले, आणि स्पेनचे मानोलो मार्केझ आले. पहिल्या वर्षीं त्यांस पांचवें स्थान मिळालें. पुण्याच्या मालकांनीं अशा प्रशिक्षकाचें काय केलें असतें, तें वाचकांनींच ठरवावें. हैदराबादनें त्यांस ठेवून घेतलें. त्यांनीं तरुण देशी मुलांस सामन्यामागून सामने खेळविलें. आणि २० मार्च २०२२ रोजीं गोव्यांत केरळच्या संघास पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेतें झालें. तिसऱ्याहि हंगामांत मार्केझ तेथेंच होते आणि संघ साखळींत दुसरा आला.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें नमूद केला पाहिजे. हैदराबादनेंहि शेवटीं प्रशिक्षक बदललाच ना? होय, बदलला, आणि तो बदल योग्य ठरला. प्रशिक्षक कधींच बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या हातून काम होत नाहीं त्यास धरून बसणें ही निष्ठा नव्हे, आळस आहे. शिवाय हैदराबादनें प्रशिक्षकाबरोबर परदेशी खेळाडूहि बदलले, त्यामुळें यशाचे वांटे बिनचूक करतां येणार नाहींत. परंतु बदल हा उपाय म्हणून एकदां करणें निराळें, आणि बदल हाच दिनक्रम होऊन बसणें निराळें. पहिल्यांत विचार असतो. दुसऱ्यांत असतो तो पुढील वर्षीं प्रेक्षकांस आणि पाहुण्यांस काय सांगावयाचें ह्याची विवंचना.

कोल्हापुरास हा वाद आपल्याइतका कां पेटत नाहीं, ह्याचें कारणहि ह्यांतच आहे. तेथें फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर ह्या संघांचे सामने असले कीं गल्लीगल्ली ओस पडते. हरल्यावर शिव्या तेथेंहि खाव्या लागतात, बाचाबाची होते, कधीं कधीं त्याहून वाईट कांहीं होतें, आणि त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. पण हार झाली तर ती तालमीची. आणि हरलेली तालीम पुढच्या वर्षीं पुन्हां मैदानावर हजर असते. पुण्यांत काय झालें? २०१५ सालीं पुणे एफ. सी.चा मोठा संघ मोडला. त्याच वर्षीं भारत एफ. सी. नांवाचा नवा संघ राष्ट्रीय लीगमध्यें एकच हंगाम खेळला, शेवटीं राहिला आणि बाहेर पडला. डी. एस. के. शिवाजियन्स दोन हंगाम टिकला आणि २०१७ सालीं गेला. २०१९ सालीं एफ. सी. पुणे सिटी. पांच वर्षांत चार संघ! पराभवास धनी कोण, म्हणून आपण जेवणाच्या पानावर भांडत होतों. येथें संघच धनी सोडून गेला.

म्हणून ज्यांच्या घरांतला मुलगा किंवा मुलगी फुटबॉलच्या शिक्षणासाठीं एखाद्या क्लबांत जाऊं इच्छिते, त्या वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. प्रशिक्षक कोणत्या देशाचा, त्यानें किती चषक मिळविले, हें अवश्य विचारावें. पण त्याआधीं, ह्या क्लबांत मागील प्रशिक्षक किती वर्षें होता आणि तो कां गेला, हें विचारावें. तेथील लहान मुलांचे संघ किती वर्षें अखंड चालूं आहेत, त्यांतून मोठ्या संघांत कितीजण पोंचले, हेंहि पाहावें. चालकांस हे प्रश्न आवडत नाहींत, असा अनुभव येईल. तरी विचारावे.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत शिकला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशांत झाला, तेव्हां तो हिंदुस्थानच्या संघांत होता. त्या संघाचाहि प्रशिक्षक स्पर्धेपूर्वीं थोडे महिनेच आधीं बदलला गेला होता, आणि तिन्ही सामने आपण हरलों. मुलांनीं जीव तोडून खेळ केला, कोलंबियाविरुद्ध एक गोलहि केला, पण तेवढ्या अवधींत त्याहून अधिक होणें कठीणच होतें. पुढें मार्केझ ह्यांच्या विजयी हैदराबाद संघांत हाच अनिकेत होता, आणि पुण्याहून तेथें गेलेला निखिल पुजारीहि होता. लीगमध्यें त्या वर्षीं पुण्याचा संघ नव्हता.